शौर्य नको, दिवस विचार

आमच्या नातसुनेला तात्यांच्या, म्हणजे तिच्या आजेसासऱ्यांच्या, लढाईच्या आठवणी टिपून ठेवायच्या आहेत. तात्या १९७१ साली मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत होते. मी त्यांची बायको, आणि नोकरीची सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवणारी बाई. सैनिकाला बोलतं कसं करावं, हे मला ह्यांच्यासोबत राहून आणि ह्यांच्या पलटणीतल्या लोकांच्या घरी जाऊन-येऊन उमगत गेलं. नातसुनेला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. बार्शी, माढा, सांगोला, माळशिरस, आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात गणवेशातला फोटो भिंतीवर असलेली घरं आहेत. त्या घरांतल्या पोरासुनांनाही हे उपयोगी पडावं.

तर पोरी, लढाईचं विचारायचं म्हणून समोर बसू नकोस. "तुम्ही किती मारले?" हा प्रश्न तर घरात कुणाच्याच तोंडून येऊ देऊ नकोस. लहान पोरं विचारतात, सिनेमात तेच बघतात बिचारी. पण तो प्रश्न आला की माणूस उठून अंगणात जातो, नाहीतर हसून काहीतरी सांगून टाकतो आणि पुढं कुणीही विचारलं की तेवढंच सांगत राहतो. "भीती वाटली का?" हाही पहिल्या बैठकीतला प्रश्न नव्हे. शौर्याचं विचारलं की सैनिक १५ ऑगस्टचं भाषण करतो. शाळेत आम्ही दरवर्षी कुणाला तरी बोलवायचो, तेव्हा मी हे पुष्कळदा पाहिलं. तोच माणूस नंतर ऑफिसात चहा घेताना शिपायाशी बोलताना इतकं खरं बोलायचा की भाषण ऐकणाऱ्या मुलांची मला कीव यायची.

म्हणून दिवस विचार. सकाळी खाल्लं काय? लंगर मागं राहिला तेव्हा पोटाला काय होतं? पाणी कुठलं प्यायलात? बूट कोरडे होते का? पिट्ठूत काय काय भरलं होतं, आणि वजन झालं म्हणून आधी काय टाकून दिलं? मोर्चा खणताना माती कशी लागली, आपल्या काळ्या रानासारखी की भुसभुशीत? शेजारच्या मोर्चात कोण होतं, तो कुठल्या गावचा, रात्री काय बोलायचा?

आता पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरचंच घे, जिथं ह्यांची पलटण लढली. ती लढाई पुस्तकांत आहे. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून पत्र पाठवलं आणि त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत धाडली, ही गोष्ट तुला कुठंही वाचायला मिळेल. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं, त्याच दिवशी टांगेलला आपली दुसरी पॅरा बटालियन, जी मूळची मराठाच, छत्र्या घेऊन उतरली, आणि दुसऱ्या दिवशी पुंगली पुलापाशी तिची ह्यांच्या पलटणीशी गाठ पडली, हेही छापलेलं आहे. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, ते तर शाळेच्या पुस्तकात आहे. तात्यांकडून हेच पुन्हा ऐकून तू लिहिलंस तर तुझ्या हाती नवं काय आलं?

मी एकदा वेगळंच विचारलं. ब्रह्मपुत्रा ओलांडताना तिथल्या गावकऱ्यांनी होड्या दिल्या, बैलगाड्या दिल्या, एवढं मला ठाऊक होतं. म्हटलं, बैल कसे होते हो तिकडचे? झालं! शेतकऱ्याचं पोर ते. लहानपणापासून खिलार बघितलेल्या माणसाला ते बैल वासरांएवढे वाटले होते. एका बैलाच्या मानेवर जुवानं घासून जखम झाली होती, तिच्यावर गाडीवानानं हळदीसारखं काहीतरी थापलं होतं. गाडीत दारूगोळ्याच्या पेट्या होत्या, चाक रेतीत रुतत होतं आणि ह्यांच्या सेक्शनचे चौघं मागून खांदा लावत होते. गाडीवान म्हातारा, अंगात नुसता सदरा, थंडीनं कुडकुडत होता. त्याला ह्यांची हिंदी कळेना आणि ह्यांना त्याची बंगाली कळेना. ह्यांनी आपली घोंगडी काढून त्याला दिली, ती त्यानं आधी बैलाच्या पाठीवर टाकली. त्या गाडीमागून चालत चालत हे आपोआप त्या रात्रीच्या गोळीबारापर्यंत येऊन पोचले. माझ्या सगळ्या संसारात जे कानावर आलं नव्हतं ते त्या संध्याकाळी आलं, आणि मी लढाईचा शब्दही काढला नव्हता.

तारखा विचारून म्हाताऱ्या माणसाला कानकोंडं करू नकोस. तारीख कागदावर मिळते, तिच्यासाठी त्यांना कशाला शिणवायचं? आपल्या माणसांच्या डोक्यात वर्षं सणावारांनी आणि दुष्काळांनी लागलेली असतात. "त्या साली गड्ड्याला घरी आला होतात का?" असं विचार. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, ती संक्रांतीला, म्हणजे १९७१ ची लढाई संपल्यावर महिन्याभरात. "रजेवर आलात तेव्हा दुष्काळी काम सुरू झालं होतं का?" असं विचार. १९७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. पूर्व पाकिस्तानातलं पाणीच पाणी बघून आलेला जवान गावी आला तो थेट खडी फोडणाऱ्या आईबापापुढं, रेशनच्या लाल मिलोच्या भाकरीपुढं. ह्यांच्या बरोबरीच्या कितीतरी जणांना लढाईपेक्षा ती रजाच जास्त बोचते. तीही लिही. ती त्याच आठवणीचा भाग आहे.

ऐकताना एक खूण मात्र ठेवायची. सांगितलेलं त्यांनी स्वतः पाहिलं, की पलटणीत ऐकलं, की नंतर सिनेमात बघितलं? लोंगेवालाच्या लढाईवरचा 'बॉर्डर' १९९७ साली आला, त्यानंतर तिकडं कधी न गेलेल्या माणसांच्याही बोलण्यात तिथली वाळू यायला लागली. यात खोटेपणा नसतो. मन असंच सगळं एकत्र करत असतं. हळूच विचारायचं, "तिथं तुम्ही होतात का तात्या, की कुणी सांगितलं?" आणि वहीच्या समासात 'पाहिलं' किंवा 'ऐकलं' एवढंच लिहायचं. ऐकीव आहे म्हणून गाळायचं नाही. पलटणीत त्या रात्री कोणती अफवा फिरत होती, हेही पुढच्या माणसाला कळायला हवं.

आणि त्यांचं बोलणं नीटनेटकं करायला जाऊ नकोस. फौजेतली गोष्ट सांगताना हे अर्धं हिंदीत बोलतात. "सीओ साब ने बोला", "फॉलिन झालं", "बडा खाना होता". तसंच ठेव. गावांची नावं त्यांच्या तोंडी येतात तशी लिही आणि नकाशातलं नाव शेजारी छोट्या अक्षरांत टाक. वरसईच्या विष्णुभट गोडश्यांचं 'माझा प्रवास' मी वर्गात दरवर्षी सांगायची. हा गरीब भिक्षुक पैका मिळवायला उत्तरेत गेला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशी पडली तेव्हा तो झाशीत होता. बरीच वर्षं उलटल्यावर चिंतामणराव वैद्यांनी मागं लागून त्यांच्याकडून सगळं लिहून घेतलं. वैद्यांचे उपकार केवढे, ते नसते तर आपल्याकडं काहीच उरलं नसतं. पण १९०७ साली छापताना त्यांनी त्यात आपला हात फिरवला. गोडश्यांनी लिहिलं तसं वाचायला मराठी माणसाला १९६६ पर्यंत थांबावं लागलं, दत्तो वामन पोतदारांनी मूळ प्रत छापेपर्यंत. ती मूळ प्रत वैद्यांनी फेकून दिली नाही, जपली, म्हणून हे झालं. तू पुढं सुंदर पुस्तक कर, शुद्धलेखन तपास, प्रकरणं पाड, काय हवं ते कर. पण पहिलं रेकॉर्डिंग आणि पहिली वही जशीच्या तशी राहू दे.

आता जे बोलत नाहीत त्यांच्याबद्दल. काही लढायांबद्दल माणसं बोलतात, काहींबद्दल नाही. १९६२ च्या चीनकडच्या लढाईत असलेले फार थोडे बोलले. मेजर जनरल शशिकान्त पित्र्यांनी त्या युद्धावरच्या आपल्या मराठी पुस्तकाला नावच 'न सांगण्याजोगी गोष्ट' असं दिलं. १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेनेतून श्रीलंकेत जाऊन आलेल्या आपल्या जवानांना तर कुणी नीट विचारलंच नाही. लोकांना जिंकलेल्या लढाईची गोष्ट हवी असते. तुझ्या माहेरच्या नात्यात असं कुणी असेल तर त्यांच्याकडं आधी जा. १९७१ वाले आपण होऊनही सांगतील.

बोलता बोलता आवाज बसला, बोटं चादरीची किनार चाळवायला लागली, की थांब. पाणी दे. "राहू दे तात्या, उद्या बघू" म्हण आणि दुसऱ्या दिवशी तो विषय आपण होऊन काढू नकोस. रात्री झोपेत ओरडले, सारखे दचकायला लागले तर बैठका बंद, आणि डॉक्टरांना दाखवायचं. आठवणीपेक्षा माणूस मोठा. एखादी गोष्ट त्यांनी "हे लिहू नको" म्हणून सांगितली तर लिहायची नाही, त्यांच्या माघारीसुद्धा. सोबत्याचा मृत्यू कसा झाला हे कधी कधी फार उघडं सांगितलं जातं. त्या सोबत्याची बायको-पोरं कुठल्यातरी गावात आहेत आणि त्यांना पलटणीनं थोडं सौम्य करून कळवलेलं असेल. अशी गोष्ट नावानिशी कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. ती वेगळ्या पाकिटात, वर 'फक्त घरात' असं लिहून ठेव.

रेकॉर्डिंगचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी आपल्या घराचं सांगते. पंखा बंद करावा लागतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात हे शक्य नाही, म्हणून दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे दिवस धर, नाहीतर पहाटे बस. हे फौजेच्या सवयीनं तसेही चारला उठतात. शेजारचे यंत्रमाग सुरू झाले की त्या खटखटीत मोबाइलला दुसरं काही ऐकू येत नाही. कुकर आधी उतरवून ठेव. मोबाइल टेबलावर नुसता ठेवला तर हात आपटल्याचा आवाज गोळीसारखा येतो, खाली चादरीची घडी घाल. फोन विमानात ठेवतात तसा ठेव, म्हणजे मध्येच कुणाचा कॉल येणार नाही. सुरुवातीला तू स्वतः तारीख, गाव, कोण बोलतंय आणि कोण विचारतंय एवढं बोल. पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नकोस. अमेरिकेत त्यांच्या संसदेच्या ग्रंथालयानं २००० सालापासून सैनिकांच्या आठवणी गोळा करायचं मोठं काम चालवलं आहे, तिथं किमान अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग मागतात. घरच्या माणसानं केलेलंही घेतात. तेव्हा आपण काही कमी प्रतीचं करतोय असं मनात आणू नकोस.

फायलीला तारीख आणि विषय असं नाव दे, 'तात्या नवीन १' असं नको. एक प्रत मोबाइलमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक पुण्याच्या काकांकडं. तिन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर एका पावसात तिन्ही जातील. फोटो व्हॉट्सॲपवरून साधे पाठवले की त्यांची बारीक अक्षरं पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

ट्रंकेतले कागद बघायला घेशील तेव्हा दोन गोष्टी करू नकोस: लॅमिनेशन आणि चिकटपट्टी. ज्यांनी हौसेनं लॅमिनेशन केलं त्यांचे कागद आत पिवळे पडले आणि आता सोडवता येत नाहीत. कोऱ्या सुती कापडात गुंडाळ, कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पुरचुंडीत बांधून, कागदाला लागेल असा नको. वाळवी भिंतीकडून येते, ट्रंक भिंतीपासून पुढं ओढून विटांवर ठेव.

पत्रांचा पत्ता वाच. जागेचं नाव लिहायला बंदी असायची, म्हणून नुसतं 'केअर ऑफ ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असतं. ९९ ची डाक कोलकात्याहून जायची, ५६ ची दिल्लीहून. म्हणजे पत्रात एकही गाव नसलं तरी माणूस पूर्वेला होता की पश्चिमेला, एवढं पाकिटावरूनच कळतं. पदकांचंही तसंच. पूर्वी स्टार असेल तर १९७१ ला तो पूर्वेच्या आघाडीवर होता, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिमेच्या. समर सेवा स्टार १९६५ चा. पदकाच्या कडेवर भिंग धरून बघ, नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. चिंचेनं, रांगोळीनं घासून चकचकीत करायला जाऊ नकोस, ती अक्षरंच झिजतात. डिस्चार्ज बुक सगळ्यांत मोलाचं, त्यात भरतीच्या तारखेपासून सगळं आहे. ते हरवलेलं असेल तर त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. मराठा असेल तर बेळगाव, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागर, तोफखान्याचं नाशिक रोड. अर्ज कसा करायचा हे आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं.

आणि ज्यांच्या घरात माणूसच राहिला नाही, त्यांनी काय करायचं? त्यांना मी भैया चौकात पाठवते. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर सोलापूर महापालिकेनं स्मारक करून ठेवलं आहे. १९३८ च्या सप्टेंबरात पाच हिंदी डॉक्टर चीनला निघाले, जपान्यांशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करायला. चौघं परत आले. आपला सोलापूरचा मुलगा ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच गेला, वय ३२, मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. घरच्यांच्या हाती उरली ती पत्रं. मग त्या पत्रांना बाकीच्यांनी जोड दिली. सोबतचे डॉ. बसू यांनी रोजनिशी ठेवली होती, तिचं पुस्तक झालं. भाऊ मंगेश यांनी चरित्र लिहिलं. पत्नी ग्वो छिंगलान यांनी म्हातारपणी त्यांच्यासोबतच्या दिवसांवर लिहिलं. शांतारामबापूंचा १९४६ चा सिनेमा सगळ्यांना माहीत आहे, पण कोटणीसांचं माणूसपण कळतं ते घरच्यांनी आणि सोबत्यांनी जपलेल्या कागदांतून. तेव्हा आपला माणूस गेला असला तरी त्याचे सोबती शोध. पलटणीच्या स्थापना दिनाला निवृत्त लोक जमतात, तिथं जा, फोटो दाखव. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आजोबा-पणजोबांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत सापडतात. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात विटांवर कोरलेली आहेत.

ग्वो छिंगलान यांच्यावरून आठवलं. घरातल्या बायकांना विचारायचं राहून जातं. लढाई सुरू असताना तार आली की उघडायच्या आधी हात कापायचे, मग ती बारशाची का असेना. मनिऑर्डर आली म्हणजे माणूस निदान ती पाठवली त्या दिवशी जिवंत होता, असा हिशोब आम्ही मांडायचो. सासूबाई रेडिओच्या बातम्यांना दिवा लावून बसायच्या आणि मराठा हा शब्द आला की माझ्याकडं बघायच्या. तात्यांनी जमालपूरचं सांगितलं त्याच तारखेचं समोरच्या पानावर माझं लिही. मी आहे तोवर विचार, माझीही स्मृती आता पूर्वीसारखी राहिली नाही.

सुरुवात त्या मोठ्या ग्रुप फोटोपासून कर. कंपनीचा आहे, तीन रांगा. हे अजून चेहरे ओळखतात, पण मागच्या दिवाळीला जी नावं पटापट सांगितली त्यांतली काही यंदा अडली. फोटोवर पेनानं लिहायचं नाही. मोठी झेरॉक्स काढ, प्रत्येक डोक्यावर आकडा टाक, आणि वेगळ्या कागदावर आकड्यापुढं नाव, गाव, तालुका, आणि ह्यांना आठवेल ती त्या माणसाची एक गोष्ट. कोण कुस्ती खेळायचा, कोण रात्री भजन म्हणायचा, कोणाला मुलगी झाल्याचं पत्र लढाईत मिळालं. मधल्या रांगेत डावीकडून तिसरा आहे तो सांगोल्याकडचा, परत आला नाही. त्याच्या घरी हा फोटो नाही, त्याच्या पुतण्यानं मला सांगितलंय. पहिली चांगली प्रत छापून झाली की ती घेऊन आपण दोघी एसटीनं तिकडं जाऊ, आणि ह्यांना त्याच्याबद्दल जे आठवतं ते त्यांच्याच आवाजात त्या घरच्यांना ऐकवू.